लाईट तर लागला होता

"सर, जहाजाले तहान लागते का?"

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणीचा, सीमाचा होता, पण विचारायची हिंमत तिच्यात नव्हती. आमच्या भातकुलीच्या शाळेत बोटीवर नोकरी करणारा माणूस पहिल्यांदाच आला होता. विपुल सर मूळचे अकोल्याचे, मालवाहू जहाजावर इंजिनिअर, आमच्या हेडसरांचे भाचे. मागच्या बाकांवर पैज लागली. मी, म्हणजे हीनानं, भर हॉलमध्ये हा प्रश्न विचारला तर मला एक प्लेट गिलावडा, तोंड बंद राहिलं तर मी सगळ्यांना खाऊ घालायचा. सहा महिन्यांपूर्वीची हीना असती तर बाकाखाली घुसली असती. पण वक्तृत्व स्पर्धेत नंबर आल्यापासून माझा हात आपोआपच वर जायचा. नववीत आल्यावर मला जणू नवीन आवाज फुटला होता, आणि तो वापरल्याशिवाय मला चैनच पडायचं नाही.

हॉल हसला. हेडसरांनी डोळे वटारले. विपुल सर मात्र हसले नाहीत.

"लागते," ते म्हणाले. "रिकाम्या जहाजाले लागते."

मग त्यांनी सांगितलं. माल उतरला की जहाज हलकं होतं, पाण्यावर उचललं जातं आणि लाटेत कलंडायची भीती असते. म्हणून ते त्याच बंदरातलं पाणी पोटातल्या टाक्यांत भरून घेतं. त्या ओझ्यामुळे ते सरळ उभं राहतं. पुढच्या बंदरात माल चढवताना हे पाणी ओतून देतात. आणि त्या पाण्यासोबत शेवाळ, शिंपल्यांची पिल्लं, खेकड्यांची अंडी असं सगळं परक्या मुलखात उतरतं. तिथं त्यांना खाणारं कोणी नसतं. मग ते तिथलं सगळं खाऊन टाकतात.

२०१७ साल होतं. गुलाबी बोंडअळीनं घरोघरची कपाशी आतून पोखरली होती. इवलासा जीव काय करू शकतो हे आमच्या शाळेत कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"मंग त्याले उपाय काय, सर?" हा प्रश्न माझा स्वतःचा होता. पैजेबाहेरचा.

"पाणी आधी बारीक गाळायचं. मग अल्ट्राव्हायोलेट दिव्याजवळून न्यायचं. ती किरणं जिवाची वाढायची ताकदच मोडतात. काही जीव नंतरही थोडा वेळ वळवळतात, पण त्यांची पिल्लं होत नाहीत."

मी उभीच राहिले. "सर, हा दिवा आमच्या दुकानात हाय!"

खरंच होता. आमचा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. समुद्र शेकडो कोस लांब, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून घरोघरी फिल्टर, आणि त्यातले निम्मे, शाळेतलासुद्धा, माझ्या अब्बांनी बसवलेले. अब्बांचं नाव बशीर. पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवीन तार भरून देणं आणि फिल्टर दुरुस्ती, दोन्ही कामं ते एकाच शटरखाली करतात. त्या फिल्टरमध्ये स्टीलचं एक नळकांडं असतं. त्याच्या आत काचेची नळी, नळीच्या आत दिवा. पाणी काच आणि स्टीलच्या मधून वाहतं आणि दिवा आतून त्याच्यावर किरणं टाकतो. जहाजावरचं यंत्र म्हणजे ह्याचाच थोरला भाऊ.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन वीस दिवसांवर होतं. मी कामाला लागले.

थर्माकोलचं जहाज केलं, त्याच्या पोटात बाटल्यांच्या टाक्या बसवल्या. परदेशी बंदराचं पाणी कुठून आणायचं? शाहनवाज मामूंचं अकोल्याला शोभेच्या माशांचं दुकान आहे. ते दर आठवड्याला अमरावतीला माल द्यायला येतात. त्यांनी एका टाकीतलं वीस लिटर पाणी कॅनमध्ये भरून आणलं आणि वर एक सोनेरी मासळी बरणीत घालून बक्षीस दिली. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाण्याचा थेंब म्हणजे भातकुलीचा आठवडी बाजार होता, इतकी गर्दी. माझे परदेशी घुसखोर तयार झाले.

आणि आपलं बंदर? त्यासाठी सीमाच्या बाबांचा, खुशालकाकांचा, फिरकीच्या झाकणाचा निळा ड्रम उसना आणला. काकांनी दोन वर्षांपूर्वी शेततळं खोदून रोहू आणि कतला सोडले होते. यंदा कपाशी गेल्यावर त्या घरातले सगळेच तळ्याकडे डोळे लावून बसले होते. मासे होळीला विकायचे होते.

"माया ड्रम पयल्या नंबरशिवाय वापस आनू नको, पोट्टे," काका हसून म्हणाले होते.

दिवा मी नवाकोरा घातला. नळकांडं मात्र जुनं, कोण्या गिऱ्हाइकाकडून काढून आणलेलं. त्या दिवसांत अब्बा परतवाड्याला एका मोठ्या मोटारीच्या कामावर होते. फोनवर त्यांनी विचारलं, "आतली काच काढून धुतली का?"

"हो हो," मी म्हणाले. मी तेव्हा जहाजाला रंग देत होते.

प्रदर्शनात माझ्या टेबलाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. मोटर सुरू केली, जहाजानं मामूंचं पाणी पोटात घेतलं, मग ते नळकांड्यातून ड्रममध्ये पडू लागलं. टोपणाच्या फटीतून निळसर उजेड दिसत होता. परीक्षक वाकून वाकून तो उजेड बघत होते. खुशालकाका खास आले होते, तेही बघत होते. मी काय काय बोलले ते मला आज आठवलं तरी कान गरम होतात. "आता हे पाणी कोणाच्याही तळ्यात टाका!" मी हात फिरवून म्हणाले. "एक बी घुसखोर जिता नाही!" टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला. पुढचं प्रदर्शन जिल्ह्याचं, अमरावतीला. घरी येऊन हेच वाक्य मी अम्मीला तीनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. साडेअकराला घरी आले तर अंगणातला निळा ड्रम गायब.

"खुशालभाऊ आठलाच घेऊन गेले," अम्मी भाकरी थापता थापता म्हणाली. "अमरावतीला चालले होते, माशांचं खाद्य आणायला. जाता जाता ड्रम गाडीला बांधला."

"आणि आतलं पाणी? मी ते नालीत ओतणार होते."

"नालीत?" अम्मीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पोळ्या नालीत टाकते म्हणाले. "खाली बर्तन कोई वापस भेजता क्या? मी डब्बे धुंडाळले, ना गूळ, ना शेवया. मंग म्हटलं, पोरीनं साफ केलेलं गोडं पाणी आहे, तेच असू दे. खुशालभाऊ किती खूश झाले! म्हणाले, संध्याकाळच्या आधी तळ्यात टाकतो, भाभी."

अम्मी, म्हणजे खातूनबी, कोणाचं भांडं रिकामं परत करत नाही हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. वाटीभर साखर का होईना, घालूनच देणार. मला हसू आलं. रिकामं जहाज कोणी समुद्रात सोडत नाही आणि अम्मी रिकामा ड्रम रस्त्यावर सोडत नाही! खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. माझं पाणी खऱ्या तळ्यात जाणार होतं.

मग मी सोनेरी मासळीला दाणे टाकायला गेले.

तिच्या शेपटीजवळ एक धागा लोंबत होता. काल-परवाही दिसला होता, मला तो कचरा वाटला होता. आज मी चमच्यानं हलवून पाहिला. सुटेना. मासळी बरणीच्या काचेला अंग घासत होती. मी मामूंना फोन लावला.

"मामू, तुमच्या मासळीले धागा चिकटला हाय."

"ओढून पाहिला? निघाला?"

"नाही निघत."

तिकडे दुकानातल्या पंपांचा बुडबुड आवाज येत होता.

"वो धागा नहीं है बेटा, कीडा है," मामू म्हणाले. "सुईसारखा अंगात घुसतो. मीही आज सकाळीच पाहिला त्या टाकीत. दवा टाकली. त्याची पिल्लं पाण्यात पोहतात, डोळ्यांनी दिसत नाहीत. ते पाणी कुठं टाकलंस तू?"

"का?"

"किसी के तालाब में मत डालना. रोहू-कतल्याला लागला तर अंगभर जखमा होतात. एका तळ्यातून निघता निघत नाही. असा मासा बाजारात कोण घेईन?"

मी प्रदर्शनातल्याच आवाजात म्हणाले, "फिकर नका करू मामू. ते पाणी दिव्यातून गेलं हाय."

"मंग ठीक आहे," मामू म्हणाले.

मंग ठीक आहे. मी स्वतःलाही तेच सांगितलं. तरी फोन ठेवल्या ठेवल्या माझे पाय फडताळाकडे गेले. जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी मी ड्रममधल्या पाण्याची एक बाटली भरून ठेवली होती. सरावाला म्हणून शाळेचा सूक्ष्मदर्शकही सोमवारपर्यंत माझ्याकडे होता. काचपट्टीवर एक थेंब ठेवला, खिडकीकडे आरसा वळवला, डोळा लावला.

बाजार भरलेला होता.

दिव्यातून जायच्या आधीइतकाच. नुसता हलत नव्हता, पळत होता. धक्के देत देत पोहणारे, नखाच्या कडेएवढेही नसलेले जीव. मी दुसरा थेंब घेतला. तेच. तिसरा. तेच.

तेव्हा मला विपुल सरांचं वाक्य आठवलं. काही जीव नंतरही वळवळतात, पण त्यांची पिल्लं होत नाहीत. हो की! तसंच असणार! मी खुर्चीत टेकले. सुटकेचा श्वाससुद्धा घेतला. कोणी विचारलंच तर सांगता येईल, आणि तेही विज्ञान असेल, थाप नाही. ते दोन-तीन मिनिटं मी तशीच बसून होते, आणि त्या दोन-तीन मिनिटांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. कारण मनातल्या मनात मला ठाऊक होतं की नुसतं बघून हे कळणार नाही. आणि जे बघून कळलं असतं, ते नळकांडं समोरच टेबलावर पडलं होतं.

अब्बा जेवायला आले. मी नळकांडं त्यांच्यासमोर ठेवलं.

"अब्बा, हे खोलून द्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, पाना काढला, टोपण फिरवलं, दिवा बाजूला ठेवला आणि आतली काचेची नळी हळूच बाहेर ओढली.

काच कुठं दिसत नव्हती. नळी चुन्यात बुडवून वाळवल्यासारखी पांढरीफटक होती. अब्बांनी नखानं खरवडलं, पापुद्रा पडला. आमच्या पाण्यातला क्षार. त्या गिऱ्हाइकाच्या घरी दोन-चार वर्षं साचला असणार, वरून मी वीस दिवस आमच्याच विहिरीच्या पाण्यावर सराव केलेला.

"पण लाईट तर लागला होता, अब्बा. सगळ्यांनी पाहिला."

"सगळी गिऱ्हाइकं हेच म्हणतात." अब्बांनी नळीचं एक टोक माझ्यापुढे धरलं. तेवढं बोटभर स्वच्छ होतं. "हे टोक टोपणात असतं. इथं पाणी येत नाही, म्हणून थर बसत नाही. तुमचा उजेड इथून दिसला. बाकीचा काचेच्या आतच राहिला. तू धुतली नव्हती?"

"नाही," मी म्हणाले.

"ते पाणी कुठं आहे?"

अम्मीच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. तिनंच सांगितलं कुठं आहे ते.

मी सीमाच्या घरी फोन लावला. खुशालकाकांचाच फोन सीमानं उचलला, म्हणजे काका फोन घरी ठेवून गेले होते.

"बाबा अमरावतीहून सिदे तळ्यावर जातीन," सीमा म्हणाली. "काहून व? काय झालं?"

"ते पाणी तळ्यात पडू देऊ नको! त्याच्यात किडे हायेत. जिते!"

"तूनच तर सांगतलं का एक बी जिता नाही म्हणून."

"चुकलं माझं. सीमा, मासे मरतीन. लवकर जा!"

माझ्याशी कधीच न बोललेल्या आवाजात ती म्हणाली, "हीना, यंदा आमच्या घरी त्या तळ्याशिवाय काही नाही." आणि फोन आपटला.

अब्बांनी पांढरी नळी शर्टाच्या खिशात खोचली आणि गाडीला किक मारली. मी मागे बसले. कोणी जेवलं नव्हतं. भातकुलीपासून तळं चार-पाच किलोमीटर. दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या झालेल्या, मधल्या वावरांत उपटलेल्या पऱ्हाटीचे, कपाशीच्या वाळल्या झाडांचे, ढीग. मी घड्याळ बघत होते. साडेबारा. काका आठला निघाले, खाद्याचं दुकान दहाला उघडतं, परतीला पाऊण तास. कितीही वेळा हिशेब केला तरी ते आमच्या आधी पोचत होते.

पांदणीच्या अरुंद वाटेत पऱ्हाटीनं भरलेली बैलगाडी आडवी. गाडीवान चाक बसवत होता. अब्बांनी गाडी तिथंच सोडली आणि आम्ही पळालो. अब्बांना पळताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

बांधावर खुशालकाका दिसले. हातात टोकाला आकडा लावलेला लांब बांबू. बाजूला सीमा, धापा टाकत, रडकुंडीला आलेली.

"या बशीरभाई!" काका ओरडले. "ह्या दोघी पोट्ट्यायनं काय लावलं हे? हे म्हणते पानी टाकू नका, कालची हे म्हणे कुठंबी टाका!"

"टाकलं?" अब्बांनी विचारलं.

काकांनी बांबूनं दाखवलं. निळा ड्रम तळ्यात तरंगत होता. काठापासून दोन हातांवर, दोरी खुंटीला बांधलेली, झाकण काढून बांधावर ठेवलेलं.

"मासेवाल्या सायबानं शिकवलं मले. बाहेरचं काई बी आनलं तर एकदम ओताचं नाही. अर्धा घंटा तरंगू द्याचं, थंड-गरम बराबर होते. झालाच आता टाइम. देतो उलटा."

आणि त्यांनी बांबूचा आकडा ड्रमकडे नेला.

"काका, नका!" मी किंचाळले. "माझं मशीन चाललंच नव्हतं!"

"कशी पागल व तू? म्या सोताच्या डोयानं पायलं. लाईट लागला होता न!"

अब्बांनी खिशातली नळी काढून त्यांच्या हातात दिली. "खुशालभाऊ, लाईट ह्याच्या आत होता. पाणी ह्याच्या बाहेर होतं."

काकांनी नळी उन्हाकडे धरली. आरपार काहीच दिसेना. नखानं खरवडली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जे गेलं ते मला अजून दिसतं. त्यांनी बांबू टाकला आणि ड्रमची दोरी दोन्ही हातांनी धरली.

"ओढू नका!" मी पुन्हा ओरडले. "दोरी वर कानाले बांधली हाय. वरून ओढला तर तो कलंडते!"

वारा सुटला होता. तळ्यावर बारीक लाटा उठत होत्या आणि ड्रम डोलत होता. पोटातल्या पाण्याच्या वजनानंच तो सरळ उभा होता. तेच पाणी त्याला तारत होतं आणि त्याच पाण्यापासून आम्हाला तळं वाचवायचं होतं. मी इतके दिवस जहाजाचं ओझं, जहाजाचं ओझं म्हणून पाठ केलेलं सगळं आता समोर डोलत होतं, आणि टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

"मंग करू काय?" काका म्हणाले. त्यांनी हे मला विचारलं. ज्या पोरीनं हे करून ठेवलं, तिला.

"पोटाजवळून ओढा. पाण्याच्या बरोबरीनं."

सीमानं खुंटीजवळची दुसरी दोरी उचलली आणि सरकगाठ मारली. काकांनी फास बांबूच्या टोकाला अडकवून ड्रमवर सोडला. पहिल्यांदा तो कडेवर अडकला आणि ड्रम माझ्या डोळ्यांदेखत एका बाजूला झुकला. पाणी कडेपर्यंत आलं. ड्रम परत सरळ झाला. दुसऱ्यांदा फास बरोबर खाली उतरला, काकांनी बांबूनं तो आणखी दाबत पाण्याच्या रेषेपर्यंत नेला.

"आता हळू," अब्बा म्हणाले. "बिलकुल हळू."

ड्रम वीत वीत सरकत आला. पण शेततळ्याचा काठ उभा नसतो, उतरता असतो, आणि त्यावर काळं प्लॅस्टिक पसरलेलं असतं, साबणासारखं गुळगुळीत. हे मला ऐन वेळी दिसलं. ड्रमचं बूड उताराला टेकलं की तो वाकणार, आणि वाकला की सगळं पाणी प्लॅस्टिकवरून परत तळ्यात.

"थांबवा! टेकायच्या आधी झाकण लावावं लागन. मी उतरते."

"कोणी नाही उतरायचं," अब्बा म्हणाले. शेततळ्यात घसरलेला माणूस वर येत नाही, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक आहे.

"अब्बा, तुम्ही वजनानं घसरसान. मीच सगळ्यात हलकी."

अब्बांनी खुंटीजवळच्या आणखी एका दोरीचं टोक माझ्या कमरेला असं आवळलं की श्वास अडकला. काकांनी ड्रमची दोरी धरली, अब्बा आणि सीमानं माझी. मी झाकण छातीशी धरून बसल्या बसल्या खाली सरकले. गुडघे पाण्यात गेले. पाणी डिसेंबरचं, बर्फ. एक लाट आली आणि ड्रम माझ्यापासून दूर गेला, परत आला. मी एका हातानं त्याची कड पकडली. आत, माझ्या नाकापाशी, ते पाणी हिंदकळत होतं. अगदी स्वच्छ दिसत होतं.

झाकण ठेवलं. फिरवलं. आटे जुळेनात. पुन्हा फिरवलं, तिरपंच बसलं.

"उलटं फिरव आधी!" अब्बा वरून म्हणाले. "टक् वाजलं की मग सुलटं!"

उलटं फिरवलं. टक् वाजलं. सुलटं फिरवलं, आणि झाकण बसत गेलं, एक वेढा, दोन, तीन, पार घट्ट होईस्तोवर. "ओढा!" मी म्हणाले. मी आणि ड्रम एकदमच वर आलो. प्लॅस्टिकवर ड्रम पूर्ण आडवा झाला. एक थेंब गळला नाही.

तो ड्रम आम्ही तळ्यापासून दोन वावरं लांब नेला. अब्बांनी गाडीच्या डिकीतून ब्लीचिंग पावडर आणली, पाण्यात कालवली, आणि पऱ्हाटी उपटलेल्या चरीत ते ओतलं. काळ्या मातीच्या भेगांनी ते पिऊन टाकलं. ड्रम आतून दोनदा धुतला, बांबू आणि दोऱ्यासुद्धा. मग खुशालकाका बांधावर जाऊन बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. मासा उसळला की त्यांची मान तिकडे वळायची.

"काका, माफ करा," मी म्हणाले.

"वाचलं तळं," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. "तू हुशार हायस हीना, मी नाही म्हनत नाही. पन टाळ्या पडल्या का तुले कानानं आयकू येत नाही." मग म्हणाले, "जा घरी. वली झाली हायस."

सीमा मला पांदणीपर्यंत सोडायला आली. चार पावलं मागंच चालत होती. पण आली.

घरी अम्मी दारातच उभी होती. सगळं ऐकल्यावर आधी तिनं दोन्ही हात वर करून शुक्र मानला, मग माझे पाय टॉवेलनं खसाखसा पुसले, मग रडली. "मीच दिलं गं ते पाणी. माझ्या हातानं."

"माझं ऐकूनच दिलं न, अम्मी."

"जाऊ दे. अल्लानं राखलं. आता कोणाला काही सांगायची गरज नाही. अब्बा नवीन काच बसवून देतील, अमरावतीला ऐटीत जा."

अब्बा पांढरी नळी ताटाशेजारी ठेवून जेवत होते. जेवत काय, भाकरी मोडत होते. माझ्या जहाजाच्या पाटीवर खाली त्यांच्याच दुकानाचं नाव होतं, मी हौसेनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं.

"सांगितलं तर लोक म्हणतील, बशीरच्या पोरीचं फिल्टर फेल," ते हळूच म्हणाले. "मी घरोघरी दिवे बदलले आहेत, हीना. दिवा लागला का लोक खूश. काच काढू म्हटलं तर म्हणतात, राहू द्या बशीरभाई, लाईट तर लागून राहिला. मीही राहू देतो."

"किती घरी राहू दिली?"

त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. अम्मीनं माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. एरवी अब्बांना मी असं विचारलं नसतं. पण माझे कपडे अजून तळ्याच्या पाण्यानं ओले होते.

मी ताट सरकवलं आणि उभी राहिले.

"सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मी सगळ्या शाळेपुढं सांगणार हाय का माझं मशीन चाललं नव्हतं. पहिला नंबर वापस करणार. अमरावतीले दुसऱ्या नंबरवाल्या पोरी जातीन, त्यायचा हक्क हाय."

"हीना!" अम्मी म्हणाली.

"थांब न अम्मी, पुरं नाही झालं. अब्बा, सोमवारपासून शाळा सुटली का मी तुमच्यासंगं येणार. तुम्ही दिवा बदलला असन त्या सगळ्या घरी. लोक राहू द्या म्हणतीन, तरी राहू नाही द्यायची. तुम्ही नळकांडं खोलाल, काच मी धुईन. पहिलं घर खुशालकाकाचं. हे मी विचारून नाही राहिली, सांगून राहिली."

अब्बांनी घास खाली ठेवला.

"आणि दुसरा फिल्टर," मी म्हणाले, "आपल्या शाळेचा."